फॉर्मवर 'काही नाही' लिहिण्याआधी : कुटुंबाचा आरोग्य विमा घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आम्ही चौघं. सगळ्यात स्वस्त पॉलिसी कोणती?" हा प्रश्न आम्हाला रोज येतो आणि त्याचं उत्तर अर्ध्या तासात देता येतं. वेळ जातो तो पुढच्या वाक्यात : "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल. तशी कंट्रोलमध्येच आहे." हप्त्यात थोडी बचत व्हावी म्हणून केलेल्या या एका गोष्टीमुळे पुढे लाखांचा क्लेम अडकतो. म्हणून आधी फॉर्मविषयी सविस्तर लिहितो. हप्ता खरोखर कुठे कमी होतो, ते त्यानंतर.

गोळी चालू आहे म्हणून साखर नॉर्मल येते, याचा अर्थ मधुमेह आहे. हेच रक्तदाबाचं आणि थायरॉईडचं. आणखी काही गोष्टी हमखास राहून जातात : सिझेरियन, हर्नियाचं किंवा पित्ताशयाचं जुनं ऑपरेशन, कधीतरी निघालेला मुतखडा, पीसीओडी, सोनोग्राफीत लिहून आलेलं फॅटी लिव्हर, तंबाखू, आणि आधी एखाद्या कंपनीने प्रस्ताव नाकारला असेल तर तेही. "ऑपरेशनला सात वर्षं झाली, आता कशाला लिहायचं?" असं अनेकजण विचारतात. नियमानुसार पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार 'आधीपासूनचा' मानतात, हे खरं. पण फॉर्ममधले बरेचसे प्रश्न 'कधीही झालं आहे का?' असे असतात. विचारलं असेल तसं उत्तर द्यायचं. सात वर्षांपूर्वीचं ऑपरेशन सांगितल्याने बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, न सांगितल्याने मात्र बिघडू शकतं.

कंपनीला कळतं कसं? पेशंट दाखल होताना ड्युटीवरचे डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, "आधीचे काही आजार?" घाबरलेला नातेवाईक खरं तेच सांगतो आणि केसपेपरवर लिहिलं जातं : 'मधुमेह, पाच वर्षांपासून'. डॉक्टरांना ते कळायलाच हवं, उपचार त्यावर अवलंबून असतात. हाच केसपेपर क्लेमसोबत कंपनीकडे किंवा टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, जातो. पॉलिसी दोन वर्षांची, आजार पाच वर्षांचा. मग पहिल्या तपासणीचे कागद आणि 'आजार नेमका कधीपासून' याचं डॉक्टरांचं पत्र मागवलं जातं. तोवर कॅशलेस, म्हणजे कंपनीने रुग्णालयाचं बिल परस्पर भरण्याची सोय, थांबतं आणि बिल घरच्यांना भरावं लागतं. कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असा विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, २०२४ पासूनचा नियम आहे. पण तो निर्णय 'आत्ता मंजूर करता येत नाही' असाही असू शकतो. लपवलेली गोष्ट महत्त्वाची ठरली तर क्लेम नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. त्यानंतर कुठेही नवा फॉर्म भरताना 'आधीची पॉलिसी रद्द झाली होती' हे लिहावंच लागतं.

आता खरं लिहिलं तर काय होतं ते पाहा. आटोक्यात असलेल्या मधुमेहाला किंवा रक्तदाबाला अनेक कंपन्या पॉलिसी देतात. काही जण हप्ता थोडा वाढवतात, त्याला लोडिंग म्हणतात, आणि ते तुमच्या संमतीशिवाय लागत नाही. त्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा खर्च मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होता. काही योजनांत जादा हप्ता भरून तो कमीही करता येतो. म्हणजे सांगणाऱ्याचा मधुमेह तीन वर्षांनी हक्काने कव्हर होतो. लपवणाऱ्याच्या डोक्यावर मात्र तलवार टांगतीच राहते.

"पाच वर्षांनंतर कंपनी काही विचारू शकत नाही" हे अर्धवट ऐकलेलं सत्य आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे. मध्ये विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेसाठी ६० महिने नव्याने मोजतात. आणि आजारपण काही पाच वर्षं वाट पाहून येत नाही.

पॉलिसी सुरू झाल्यानंतर पहिल्यांदा झालेल्या आजाराची धास्ती मात्र घेऊ नका. तो 'आधीपासूनचा' नसतो. क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

फॉर्म अडकण्याची आणखी दोन ठिकाणं आहेत. पहिलं, कंपनीच्या डॉक्टरांचा फोन. हा कॉल रेकॉर्ड होतो. फॉर्मवर आपण रक्तदाब लिहिलेला असतो आणि फोनवर घरातलं कोणीतरी घाईत "सगळे ठणठणीत आहेत" म्हणून मोकळं होतं. दोन उत्तरं जुळली नाहीत की प्रस्ताव थांबतो, नव्याने कागद मागवले जातात, कधी तपासण्याही. ज्याच्या आजाराविषयी फोन आहे त्यानेच तो घ्यावा आणि गोळीचं नाव व डोस समोर ठेवून बोलावं. दुसरं, ओटीपी. आजकाल फॉर्मवर सही नसते, ओटीपी हीच तुमची सही. लिंक उघडून उत्तरं वाचल्याशिवाय तो कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

आम्ही फाइल पाहिल्याशिवाय फॉर्म पाठवत नाही, आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. "दुसरीकडे दहा मिनिटांत पॉलिसी मिळते" हे आम्हाला ऐकावं लागतं. मिळते, कारण तिथे आजाराच्या सगळ्या रकान्यांत 'नाही' भरलेलं असतं. कमिशनमधला वाटा परत मागणाऱ्यांनाही आमचा नकार असतो, कारण विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार तशी सूट देणंही चालत नाही आणि घेणंही. त्याऐवजी क्लेमच्या वेळी कागद लावायला आमचा माणूस सोबत असतो आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

आता हप्त्याविषयी. फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या, पॉलिसीचा हप्ता बहुधा घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. त्यामुळे पासष्टीच्या वडिलांना चाळिशीच्या मुलाच्या फ्लोटरमध्ये घातलं की नातवंडांचाही हप्ता आजोबांच्या वयाने मोजल्यासारखा होतो. शिवाय आजोबांच्या एका ऑपरेशनात सगळ्यांची रक्कम संपू शकते. नवरा-बायको आणि मुलं यांची एक, आई-वडिलांची वेगळी, ही मांडणी बहुतेक घरांना परवडते.

मोठ्या रकमेची एकच पॉलिसी महाग वाटत असेल तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर पाच लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पाच लाखांच्या वरचाच खर्च देणारा, सुपर टॉप-अप घ्या. नाव नीट वाचा : 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' वेगळे आहेत. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं आली तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल पाच लाखांवर गेलेलं नसतं. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे तीन लाख देतो.

रूम रेंटची मर्यादा ही स्वस्त पॉलिसीतली सर्वांत महाग ओळ. पाच लाखांच्या विमा रकमेवर रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त रोजचे ३,००० तुमच्या अंगावर येत नाहीत. डॉक्टर, सर्जन, ऑपरेशन थिएटर यांचे दरही खोलीप्रमाणे बदलतात, म्हणून तेही ८ ला ५ या प्रमाणात कापले जातात : १,६०,००० चे १,००,००० होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. मर्यादा नसलेली पॉलिसी परवडत नसेल तर निदान दाखल होताना मर्यादेतलीच खोली मागा.

अगदी मोजकं बजेट असेल तर 'आरोग्य संजीवनी' पाहा. तिच्या अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या आहेत, त्यामुळे तुलना हप्ता आणि सेवेचीच करायची. ५ टक्के को-पे आहे, म्हणजे क्लेमचा तेवढा भाग तुम्ही भरायचा, आणि खोलीला रकमेच्या २ टक्के पण कमाल ५,००० रुपये रोज. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा किंवा आयुष्मान कार्डाचा लाभ मिळत असेल तर ते कार्ड आधी काढून घ्या. या योजना ठरावीक उपचारांना आणि संलग्न रुग्णालयांतच चालतात, पण त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही. जुनी कोटेशन्स घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. तुलना जीएसटी वगळून करा. हप्ता रोख आम्ही घेत नाही. जुन्या करप्रणालीतली प्राप्तिकराची वजावटही रोख हप्त्यावर मिळत नाही.

पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतची प्रस्तावाची प्रत वाचा. ३० दिवसांचा फ्री-लूक काळ, म्हणजे पॉलिसी तपासून परत करण्याची मुदत, असतो. चूक दिसली तर त्यात दुरुस्ती मागा किंवा पॉलिसी परत करा. तो काळ उलटला असेल आणि आजार लिहायचा राहिला असेल, तरी आत्ताच लेखी कळवा. कंपनी हप्ता वाढवेल, प्रतीक्षा काळ लावेल, कदाचित पॉलिसी चालू ठेवायला नकारही देईल. यापैकी काहीही आयसीयूच्या बाहेर बसून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. कंपनी बदलायची असेल तर जुनी पॉलिसी सोडू नका, पोर्ट करा, म्हणजे तीच नव्या कंपनीकडे न्या. पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता सोबत येतो. त्यासाठी नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी आमच्याकडे या. शेवटच्या आठवड्यात आलेल्यांची फाइल नाकारली गेली तर दुसरीकडे विचारायला वेळच उरत नाही.

येताना प्रत्येकाचं आधार आणि पॅन, उंची-वजन, चालू गोळ्यांची चिठ्ठी किंवा रिकामी स्ट्रिप, मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट, झालेल्या प्रत्येक ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि जुन्या पॉलिसीच्या प्रती आणा. रिपोर्ट सापडत नसेल तर ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे विचारून पाहा, बऱ्याच ठिकाणी पुन्हा छापून मिळतो. तेही जमलं नाही तर आजाराचं साल आणि डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून आणा, पुढचं आपण मिळून भरू.