फुफ्फुस धुतलं तेव्हा

पाणी पिताना एखादा थेंब चुकून श्वासनलिकेत गेला तरी ठसका लागून जीव कासावीस होतो. म्हणून ऐरोलीच्या माझ्या मामेभावाच्या फुफ्फुसात डॉक्टर मुद्दाम लिटरच्या लिटर सलाइन ओतणार आहेत हे कळल्यावर मामीने विचारलं, "अरे, बुडणार नाही का तो?"

खरं तर तो वर्षभर बुडतच होता, आणि तेही आपल्याच फुफ्फुसाने बनवलेल्या पदार्थात. ऐरोली स्टेशनचा जिना चढताना दम लागायचा आणि कोरडा खोकला यायचा, ताप मात्र नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना पांढुरके ढग. आपल्याकडे असा एक्स-रे दिसला की पहिला संशय टीबीचाच येतो, आणि तो येणं चूक नाही. पण बेडक्यात जंतू सापडले नव्हते, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. त्या सहा महिन्यांची मला अजून हळहळ वाटते. शेवटी सीटी स्कॅनमध्ये ओबडधोबड फरशा बसवल्यासारखी नक्षी दिसली. दुर्बीण घालून फुफ्फुसाचा थोडा भाग धुतला, तर बाहेर आलेलं पाणी दुधासारखं होतं. आजाराचं नाव पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. दर दहा लाख लोकांत साधारण सात जणांना तो असतो. 1958 साली अमेरिकेतल्या तीन डॉक्टरांनी 27 रुग्णांच्या नोंदींवरून त्याचं पहिलं वर्णन केलं.

हे दूध येतं कुठून? आपल्या फुफ्फुसांत सुमारे 48 कोटी वायुकोश असतात. प्रत्येक कोश मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, आतून ओलसर. ओलाव्याच्या पृष्ठताणामुळे इतका छोटा फुगा दर उच्छ्वासाला मिटायला बघतो. तो मिटू नये म्हणून कोशाच्या भिंतीतल्या पेशी साबणासारखा एक पदार्थ सोडतात, सर्फॅक्टंट. त्यात नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ आणि उरलेली प्रथिनं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का जड जातो, याचं कारण 1959 साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांना सापडलं: त्या बाळांकडे सर्फॅक्टंट पुरेसं नसतं. माझ्या भावाकडे ते इतकं साठलं होतं की हवेला जागाच उरली नव्हती.

आणि तरी त्याच्या पेशी ते जास्त बनवत नव्हत्या! सोसायटीत चार दिवस घंटागाडी आली नाही तर काय होतं ते आठवा. कचरा रोजच्याइतकाच निघतो, पण जिन्यापर्यंत ढीग लागतो. वायुकोशांतली घंटागाडी म्हणजे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी. वापरून झालेलं सर्फॅक्टंट त्या गिळून पचवतात. पण हे काम करण्याइतकं तयार होण्यासाठी त्यांना जीएम-सीएसएफ या प्रथिनाचा निरोप लागतो.

हे कळलं ते अगदी अनपेक्षितपणे. जीएम-सीएसएफ रक्तपेशी वाढवतं असं माहीत होतं. ते बनवणारं जनुक काढून टाकलेले उंदीर संशोधकांनी तयार केले, तेव्हा रक्तात मोठा बिघाड दिसेल अशी अपेक्षा होती. 1994 साली निकाल आले. रक्त जवळपास ठीक होतं, फुफ्फुसं मात्र सर्फॅक्टंटने भरलेली. मग 1999 मध्ये जपानी संशोधकांना रुग्णांच्या शरीरात याच प्रथिनावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे निरोप निघतो, पण वाटेतच अडवला जातो. बहुसंख्य रुग्णांचं कारण हेच. माझ्या भावाचंही हेच निघालं.

फुफ्फुस धुण्याची कल्पना मात्र या शोधाच्या खूप आधीची. 1960 च्या दशकात होसे रामिरेझ-रिव्हेरा या डॉक्टरांनी ती आणली. सुरुवातीला रुग्ण जागा असतानाच नळीतून थोडं थोडं सलाइन सोडत आणि तो ते खोकून काढी. हे ऐकूनच अंगावर काटा येतो. आता पूर्ण भूल देतात. घशातून दोन पोकळ्यांची नळी जाते, त्यामुळे दोन्ही फुफ्फुसं एकमेकांपासून वेगळी होतात. एक शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेतं, दुसऱ्यात उंचावर टांगलेल्या पिशवीतून सलाइन उतरतं. ते 37 अंशांना कोमट केलेलं असतं, नाहीतर अंग गार पडेल. त्यात लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असतं, कारण साध्या पाण्याने पेशी फुगतील. लिटरभर आत गेलं की छातीवर थापट्या देतात आणि नळी खाली करून ते बाहेर काढतात. मग पुन्हा तेच, पाणी नितळ होईपर्यंत. एका फुफ्फुसाला बऱ्याचदा दहा ते वीस लिटर लागतं. ऑफिसात पाण्याचा वीस लिटरचा जार असतो ना, जवळपास तेवढं. यात तीन-चार तास सहज जातात.

भूलतज्ज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. रुग्णाचा ऑक्सिजन घसरतो तो फुफ्फुस भरलेलं असताना नाही, रिकामं करताना! भरलेल्या पाण्याचा दाब तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे रक्त श्वास घेणाऱ्या फुफ्फुसाकडे वळतं. पाणी काढलं की रक्त पुन्हा त्या बिनहवेच्या फुफ्फुसात शिरतं आणि ऑक्सिजन न घेताच परततं. मामीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं, की शेवटी आत राहिलेलं थोडं सलाइन शरीर स्वतःच शोषून घेतं.

हे वाचून सिगारेट ओढणाऱ्यांना वाटेल, आपलीही फुफ्फुसं अशीच धुवून घ्यावीत. तसं होत नाही. धुराने झालेली इजा फुफ्फुसाच्या भिंतींत असते, ती पाण्याने निघत नाही.

धुण्याने अँटिबॉडीही जात नाहीत. कुणाला एकदा धुतल्यावर वर्षानुवर्षं पुरतं, कुणाला परत यावं लागतं. म्हणून अडलेला निरोपच थेट पोचवायचा, जीएम-सीएसएफ वाफाऱ्यातून द्यायचं, असे प्रयोग झाले. 2019 आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्याने रक्तातला ऑक्सिजन सुधारला.

पहिल्या दिवशी बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. पहिली दाट दुधाची, मग ताकाची, मग पातळ पेजेची. सगळ्यांच्या तळाशी पांढरा गाळ बसलेला. दुसरं फुफ्फुस दोन आठवड्यांनी धुतलं. त्यात चौदाव्या लिटरला पाणी नितळ आलं.