वजनकाटा नॉर्मल दाखवतोय, पण पोटाचं काय?

लठ्ठपणा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शंभर-सव्वाशे किलोचा माणूस येतो, आणि मग "मी काय तेवढा जाडा नाही" म्हणून आपण मोकळे होतो. खरी गडबड इथेच आहे.

२००४ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे दोन डॉक्टरांचा फोटो आला होता, एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) अगदी सेम, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त, आणि आपल्याकडे असे लोक घरोघरी आहेत, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे.

याचं मूळ पार जन्माआधीपर्यंत जातं. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधे गरोदर बायकांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचं जे वजन कमी होतं ते स्नायूंचं, चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हतीच.

आता पोटाचीच चरबी एवढी डेंजर का? तर कातडीखाली चरबी साठवायची जागा संपली की ती आतड्यांभोवती आणि लिव्हरमधे जाऊन बसते, माळा भरला की सामान हॉलमधे येतं तसं. मग शुगर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम नीट होत नाही, शुगर वाढते, बीपी, फॅटी लिव्हर, हार्टचा त्रास सगळं मागोमाग. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ लाच जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. २०२३ मधे आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या सर्व्हेत ३९.५ टक्के लोकांना पोटाचा लठ्ठपणा निघाला. हे फक्त शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं राहिलेलं नाही हो!

तेव्हा टेप घ्या, शिवणकामाची चालेल. पॅन्टचा नंबर बघू नका, पॅन्ट पोटाखाली घातली की नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप ठेवायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की शुगर तपासून घ्या, वजन कितीही असो.

आणि व्यायाम सुरू केला पण काटा हलत नाही म्हणून प्लीज सोडू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला, २००६ मधे छापला. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला आणि खाणं सुधारून रोज चालणाऱ्यांमधे ३९.३ टक्के लोकांना, आणि यांचं वजन तसं काहीच उतरलं नव्हतं.