६०६ मीटर उंचीवरचं काँक्रीट आणि आपला स्लॅब

आखातात कुणी नाही असं घर रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यात विरळाच. त्यामुळे अर्धवट बांधलेल्या बुर्ज खलिफाचा आकाशातून काढलेला फोटो इथल्या मोबाइलवर अधूनमधून फिरतो: खाली धुकं, वर नुसत्या क्रेन. सोबत मजकूर, ‘ढगात हेलिकॉप्टरने सिमेंट नेलं!’ तसं काही नाही. जमिनीवरच्या पंपांनी ते पाइपातून ढकललं, २००८ साली थेट ६०६ मीटरपर्यंत.

घनमीटरभर काँक्रीटचं वजन साधारण २४०० किलो. एवढा उभा स्तंभ नुसता तोलून धरायलाच तळाशी सुमारे १४० बार दाब लागतो. मोटारीच्या टायरात असतो दोन-सव्वादोन. घर्षण वेगळंच.

पाइपात काँक्रीट पाण्यासारखं वाहत नाही. मधला गाभा दट्ट्यासारखा अख्खा सरकतो आणि भिंतीलगतचा सिमेंटच्या राबडीचा पातळ थर त्याला वंगण पुरवतो. म्हणून सुरुवातीला लाइनीतून नुसती राबडी सोडतात. हा थर तुटला की खडी खडीला अडते आणि लाइन जाम. पाणी वाढवावं, तर दाबामुळे पाणी पुढे पिळून निघतं, खडी मागे साचते. पुन्हा जाम!

पाणी न वाढवता पातळपणा हवा. सिमेंटचे कण भिजले की गुठळ्या होतात आणि त्यांत पाणी कोंडतं. त्यावर उपाय म्हणजे मिश्रणात घालायचं पॉलिकार्बोक्सिलेट नावाचं रसायन. ते कणांना चिकटतं. त्याच्या रेणूंच्या शेपट्या शेजारच्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. गुठळी फुटते, कोंडलेलं पाणी मोकळं होतं. दुबईच्या उन्हाळ्यात काँक्रीट वाटेतच आवळू नये म्हणून पाण्याचा काही भाग बर्फाच्या रूपात घातला आणि ओतकाम रात्री केलं.

आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी हाळी येते, ‘घाल पाणी, पसरूदे!’ किनाऱ्यालगत पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको, म्हणजे ५० किलोच्या पिशवीला जास्तीत जास्त साडेबावीस लिटर. जादा पाणी उडून जातं, मागे बारीक नळ्या राहतात. त्यांतून खारा दमट वारा सळईपर्यंत पोचतो, गंज सळईहून जास्त जागा घेतो आणि खालचा थर पोपडे होऊन पडतो. नव्या पुलाला बळी लागतो म्हणणाऱ्यांनी आधी पाण्याची बादली मोजावी.

आणि ‘सिमेंट वाळलं’ हेही खरं नाही. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणूनच स्लॅबवर निदान सात दिवस, मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा, पाणी धरून ठेवायचं.

मोजताना वाळूची ओलही धरा. पाच टक्के ओल असेल, तर १०० किलो वाळूतून जवळजवळ पाच लिटर पाणी न सांगता मिक्सरमध्ये गेलेलं असतं.