झागोराची तहान

मोरोक्कोच्या दक्षिणेत, झागोरा भागात, द्रा नदीच्या काठाने खजुराच्या बागांची हिरवी पट्टी थेट वाळवंटात शिरते. वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तरी इथली शेती शतकानुशतकं टिकली. वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब, अंजीर, जर्दाळू आणि तळाशी बार्ली, लसूणघास, भाजीपाला. उन्हाची धग वरच अडते, खालची हवा दमट राहते, बाष्पीभवन घटतं आणि तेवढ्याच पाण्यात तीन मजले पिकतात.

हे पाणी नदीच्या पाटांनी येई, काही गावांत ‘खेत्तारा’तून. खेत्तारा म्हणजे भूजलाला भिडवलेला, गावाकडे हलका उतार दिलेला बोगदा. औरंगाबादची नहर-ए-अंबरी पाहिली असेल, तर हे तंत्र ओळखीचं वाटेल. त्यातली खरी गोम अशी की, बोगद्याच्या पातळीखालचं पाणी खेत्तारा ओढूच शकत नाही. भूजल उतरलं की धार बारीक होते आणि गावाला हात आखडावाच लागतो. उरलेलं पाणी पाळीने वाटायचं. कुणाची पाळी किती वेळ, हे वारशाने ठरलेलं.

पंपाने ही मर्यादाच उडवली. ज्याच्याकडे खोल विहीर, त्याचं पाणी. आता सौरपंपामुळे उपशाला डिझेलही लागत नाही. झागोरा भागात कलिंगड लवकर तयार होतं, म्हणून बाजारात भाव चांगला मिळतो. युरोपातही माल जातो. जुन्या बागांबाहेरच्या मोकळ्या रानात ही लागवड पसरली, पण जमिनीखालचं पाणी बागांचं आणि गावच्या नळांचंही आहे. कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. शिवाय ते पिकवायला लागतं ते वेगळंच. पैसा देणारं पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. पण पाळी मोडून नवा नियम न आणणं, हा अन्यायच.

२०१७ मध्ये झागोरात नळ कोरडे पडले, लोक रस्त्यावर उतरले, काहींना अटक झाली. पुढे प्रशासनाने कलिंगडाच्या क्षेत्रावर मर्यादा घातली.

१९७२ पासून द्रा नदीही वरच्या अंगाला, वारझाझात शहराजवळच्या धरणाने अडवली आहे. पाणी सोडतील तेव्हाच खाली येतं. पुराने मीठ धुऊन जाणं थांबलं. विहिरीचं पाणी शेतात वाफ होऊन उडतं, त्यातलं मीठ मातीतच राहतं. खजूर खारं पाणी बरंच सोसतो, जर्दाळूला ते सोसत नाही. त्यामुळे बागेचे खालचे मजले आधी रिकामे होतात आणि खजुराची सावली उघड्या मातीवर पडते.