सावली मोजून गुन्ह्याची तारीख कशी काढतात

२०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तानमधल्या त्या चार दिवसांत, आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रात्रीचं आकाश, खालून वर जाणाऱ्या गोळ्यांच्या रेषा, आणि खाली 'आत्ताचा आहे, सगळीकडे पाठवा'. तो 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधला होता, युक्रेनच्या आणि गाझाच्या वेळीही याच गेमचे तुकडे युद्ध म्हणून फिरले होते. मी तसं सांगितल्यावर एका काकांनी लिहिलं, 'हल्ली कशावरच विश्वास ठेवू नये'. मला त्या व्हिडिओपेक्षा हे वाक्य जास्त लागलं, कारण ज्यांनी खरोखर नि:शस्त्र माणसं मारलीत त्यांना लोकांकडून नेमकं हेच ऐकायचं असतं.

जुलै २०१८ मध्ये असंच झालं होतं. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधला म्हणून एक व्हिडिओ पसरला. लष्करी वेषातली माणसं दोन बायकांना, एका लहान मुलीला आणि पाठीला बांधलेल्या तान्ह्या बाळाला गावाबाहेर नेतात, डोळे बांधतात आणि गोळ्या घालतात. सरकार म्हणालं, फेक न्यूज. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या शोध-पत्रकारिता गटाचे पत्रकार, मानवाधिकार संघटना अ‍ॅम्नेस्टी, इंटरनेटवरच्या उघड माहितीतून शोध घेणारा बेलिंगकॅट हा गट आणि ट्विटरवरचे काही अभ्यासू लोक मिळून शोधाला लागले. व्हिडिओत मागे एक डोंगररांग दिसते, तिची कड गूगल अर्थवरच्या डोंगरांशी जुळवत बसले, जुळेना. मग कॅमेरूनमधल्या एकाने सांगितलं की झेलेवेत गावाजवळ बघा. तिथे ती कड जुळली, आणि मग झाडं, घरं, पायवाटा एकेक करत सगळं जुळलं. जागा मिळाली, आता तारीख.

जुन्या सॅटेलाइट फोटोंत कुठलं बांधकाम कधी उभं राहिलं आणि कधी पाडलं हे दिसतं, त्यावरून २०१४ ची अखेर ते २०१६ ची सुरुवात एवढा पट्टा ठरला. व्हिडिओतली एक पायवाट फक्त जानेवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांतच उमटते, त्यामुळे तो अजून आवळला. आणि इथून पुढचं काम सावलीने केलं. मला या विषयाचं वेड लागलं ते या सावलीमुळेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चालणारा सैनिक म्हणजे जमिनीत रोवलेली काठीच, शाळेत छायायंत्र करायचो तशी. त्याची उंची भागिले सावलीची लांबी म्हणजे सूर्याच्या क्षितिजापासूनच्या उंचीचा टॅन्जंट. सावली माणसाइतकीच लांब असेल तर सूर्य ४५ अंशांवर, निम्मी असेल तर साधारण ६३ अंशांवर. हा झाला उन्नतांश. सावली कुठल्या दिशेला पडलीये हे जुळवलेल्या नकाशावरून कळतं, तिच्या बरोबर उलट दिशेला सूर्य, आणि उत्तरेपासून मोजलेल्या त्या कोनाला म्हणायचं क्षित्यंश. जागा माहीत म्हणजे अक्षांशही माहीत. एवढी तीन मापं हातात आली की चौथं आपोआप निघतं, ते म्हणजे सूर्याची क्रांती, सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन:

साइन(क्रांती) = साइन(अक्षांश) × साइन(उन्नतांश) + कोस(अक्षांश) × कोस(उन्नतांश) × कोस(क्षित्यंश)

क्रांती रोज बदलते म्हणून ती कळली की तारीख कळते. फक्त एक अडचण आहे, उत्तरं दोन येतात, एक सूर्य वर चढताना आणि एक परत येताना. हे आपल्याला ओळखीचं आहे. मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो आणि आपण सगळे गच्चीवर बाटल्या उभ्या करून फोटो काढतो, तोच दिवस जुलैच्या अखेरीस परत येतो, ढगांमुळे आपल्याला दिसत नाही इतकंच. झेलेवेतचं उत्तर २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ असं आलं, म्हणजे क्रांती शून्य ते सहा अंश. सूर्य तिथेच ७ ते २३ सप्टेंबरलाही असतो. पण सप्टेंबरमध्ये ती पायवाट नसते!

अजून एक गंमत मी स्वतः आकडेमोड करून बघितली. मार्चच्या शेवटी क्रांती रोज जवळजवळ ०.४ अंशांनी बदलते, म्हणून सहा अंशांची अनिश्चितता असूनही उत्तर सोळा दिवसांत बसलं. हाच व्हिडिओ २१ जूनच्या आसपासचा असता तर? तेव्हा सूर्य जवळजवळ थबकलेला असतो, वीस दिवसांत अर्धा अंशही हलत नाही, मग तेवढ्याच अनिश्चिततेत मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत जवळपास तीन महिन्यांतला कुठलाही दिवस चालला असता. जमीन उतरती असेल, कॅमेरा तिरका असेल, तर चूक आणखी वाढते, म्हणून एकाच सावलीवर कुणी थांबत नाही.

'एका क्लिकवर फेक ओळखा' म्हणणाऱ्या एआय टूलच्या जाहिराती सध्या सगळीकडे आहेत. दहा वेळा फॉरवर्ड होऊन दबलेल्या, म्हणजे फाइल लहान होऊन धूसर झालेल्या व्हिडिओवर ती टूल बऱ्याचदा चुकतात आणि वर 'इतके टक्के खरा' असा आकडा देतात, तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. सावलीचं गणित विरोधी वकिलालाही स्वतः करून बघता येतं.

कॅमेरून सरकारने ऑगस्ट २०१८ मध्येच सात सैनिकांना पकडल्याचं जाहीर केलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये लष्करी कोर्टाने चौघांना १० वर्षं आणि एकाला २ वर्षं शिक्षा दिली, दोघे सुटले.

पण हे सगळं व्हिडिओ शिल्लक असेल तरच. ऑगस्ट २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने हिंसक मजकूर म्हणून सीरियातले ढीगभर व्हिडिओ आणि चॅनेल उडवले, त्यात अत्याचारांचे पुरावेही गेले. काही नंतर परत आले. 'सीरियन अर्काइव्ह' नावाचा गट २०१४ पासून हे व्हिडिओ उतरवून ठेवत होता म्हणून बरंच वाचलं. त्याच ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाच्या महमूद अल-वेरफल्ली या कमांडरवर वॉरंट काढलं, ३३ जणांच्या हत्येबद्दल, आणि त्यात मुख्य आधार होता सोशल मीडियावरच्या सात व्हिडिओंचा. २०२० च्या डिसेंबरमध्ये बर्कली विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने अशा कामाची नियमावलीच काढली, बर्कली प्रोटोकॉल.

जपताना फाइल जशीच्या तशी उतरवतात, सोबत लिंक, अपलोड करणारं खातं, वेळ, खालच्या कमेंट असं सगळं, आणि लगेच हॅश, म्हणजे फाइलचा ठसा काढतात. फाइल शेवटी आकड्यांची माळ असते, ती एसएचए-२५६ या गणिती चरकातून काढली की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. एक पिक्सेल जरी बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका वेगळा येतो. पाच वर्षांनी कोर्टात परत ठसा काढला आणि तोच आला तर मधे कुणी हात लावला नाही हे कळतं. व्हिडिओ खरा आहे हे मात्र हॅश सांगत नाही, खोटा व्हिडिओही तितकाच नीट जपला जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, त्यातली तारीख-जागेची माहिती जाते आणि ठसा पूर्ण बदलतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच पोचते. त्यामुळे ज्याने स्वतः काही शूट केलंय त्याला पत्रकार सगळ्यात आधी विचारतात की मूळ फाइल फोनमध्ये अजून आहे का, आणि बऱ्याचदा उत्तर येतं की जागा भरली होती, डिलीट केली.