छपरं दिसतात, घरं दिसत नाहीत

पडद्यावर हवाई चित्र ठेवून इमारतींच्या कडा गिरवायच्या आणि सगळ्यांना खुला असा नकाशा करायचा, ही रीत फार जुनी नाही. स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा असा खुला नकाशा सुरू केला तेव्हा गिरवायला चित्रच नव्हतं. लोक जीपीएस घेऊन फिरत आणि रस्ते नोंदवत. याहूने २००६ च्या अखेरीस आपली चित्रं या कामाला वापरू दिली, बिंगने २०१० मध्ये. अशी परवानगी लागतेच, त्यामुळे गूगलचं चित्र कितीही स्वच्छ दिसलं तरी ते गिरवत नाहीत.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला आणि पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशाच हाताशी नव्हता. ताजी उपग्रहचित्रं खुली झाली, जगभरच्या शेकडो लोकांनी घरबसल्या रस्ते आणि तंबूंच्या छावण्या आखल्या. २०१४ मध्ये नकाशा नसलेल्या भागांचे नकाशे करायचा 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम आला, त्यातही पहिली आखणी दूर बसूनच. विखुरलेल्या खेड्यात ते सोपं असतं, कारण एक छप्पर म्हणजे एक घर. दाटीवाटीच्या काठमांडूत मात्र २०१२ पासून विद्यार्थी गल्लीगल्लीत हिंडून इमारतींची माहिती भरत होते. २०१५ च्या भूकंपात ते काम उपयोगी पडलं.

कोल्हापूरच्या पेठा काठमांडूच्या जातीच्या. मंगळवार पेठेतली जुनी ओळ वरून बघा: कौलं, पत्रा, मध्येच एक स्लॅब, पुन्हा कौलं. दोन घरांची भिंत सामाईक, कौलांचा उतार सलग. घर कुठे संपलं ते कळत नाही. उलट भावाभावांत वाटणी झाली की एकाच वाड्यावर तीन तऱ्हेची छपरं येतात. वाड्याचा चौक भोक म्हणून वेगळा काढावा लागतो, आणि त्यावर पत्रा घातला असेल तर तो दिसतही नाही. उंच इमारत चित्रात एका बाजूला कललेली दिसते, म्हणून गच्ची गिरवून ती पायावर सरकवायची. संगणकावर 'क्यू' दाबलं की कोपरे काटकोनात येतात. नव्या कॉलनीत ते झकास. पेठेतल्या तिरक्या बोळात त्याच बटणाने एक घर शेजारच्याच्या सोप्यात घुसतं.

सिटी सर्व्हेचा नकाशा आहेच की, असं कुणीही म्हणेल. आहे; पण तो मालकी सांगतो. त्या जागेवर आज किती मजले नि किती चुली, ते त्यात नाही. शिवाय आपल्याकडे नकाशा म्हणजे सरकारी खातं, अशीच सवय. भारतीय व्यक्ती-संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करायची मोकळीक फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने दिली.

कोल्हापुरात हे काम निकडीचं ठरतं ते पंचगंगेमुळे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पाण्याची रेषा आणि इमारतींची आखणी एकावर एक ठेवली, तर कुठल्या गल्लीत आधी होडी न्यायची ते बसल्या जागी दिसतं.

गूगल आणि मायक्रोसॉफ्टने अलीकडे यंत्राने काढलेल्या इमारतींच्या आखण्याही खुल्या केल्यात. सुट्या बंगल्यांना त्या चालतात. दाट वस्तीत यंत्र अख्ख्या ओळीचा एक ठोकळा करून मोकळं होतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अशी माहिती चर्चेशिवाय घाऊक ओतायची नाही, असा दंडक आहे. तो ठोकळा फोडून त्याची पाच घरं करायला पेठेतलाच माणूस लागतो, कागदावर छापलेला नकाशा घेऊन दारोदार विचारत जाणारा.