धोकादायक दिसणारा फोटो आणि धोक्यात काढलेला फोटो

ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या पश्चिमेला ‘पेद्रा दो तेलेग्राफो’ नावाचा एक खडक आहे. तिथला फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. कुणीतरी दोन्ही हातांनी खडकाच्या टोकाला लोंबकळतंय, पाय हवेत आहेत आणि खाली खोलवर निळा समुद्र पसरलाय. पाहताना काळजात धस्स होतं. पण प्रत्यक्षात त्या पायांखाली अगदी थोड्या अंतरावर जमीन असते. फोटो काढणारा अशा जागी उभा राहतो की ती जमीन चौकटीत येतच नाही. लोक रांग लावून आळीपाळीने लोंबकळतात.

आता दुसरा फोटो. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर रेनिसफ्यारा नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे. मागे बसाल्टचे उंच खांब, पुढे हसणारं कुटुंब, लाटा बऱ्याच लांब. या फोटोत भीती वाटावी असं काहीच दिसत नाही. पण इथे दहा-बारा लाटा शांतपणे येऊन जातात आणि मग एखादी एकदम कितीतरी आत येते, उभ्या माणसाचे पाय उचलते आणि ओसरताना त्याला सोबत ओढून नेते. पाणी बर्फासारखं गार असतं, किनाऱ्याचा उतार तीव्र असतो आणि कपडे भिजून जड होतात. इथे अनेक पर्यटकांचे जीव गेले आहेत. त्यातून एक अडचण अशी की सुंदर खांब जमिनीच्या बाजूला आहेत. त्यांचा फोटो काढायचा तर फोटो काढणाऱ्याला समुद्राकडे पाठ करावी लागते. म्हणजे ज्याने लाटेवर नजर ठेवायची, तोच नेमका लाटेकडे पाठ करून उभा असतो.

धोकादायक दिसणारा फोटो आणि धोक्यात काढलेला फोटो यांची आपण सर्रास गल्लत करतो. कॅमेऱ्यात उतरतो तो धोक्याचा देखावा. खरा धोका पायाखालच्या दगडात, हवामानात, पाण्याच्या वेगात आणि आपलं लक्ष कुठे आहे यात असतो. हे दोन्ही कधी एकत्र येतात, पुष्कळदा येत नाहीत. आपली भीती मात्र देखाव्याच्या मागे धावते, आणि माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं.

आकडेही तेच सांगतात. 2018 साली भारतातल्या संशोधकांनी सेल्फी काढताना झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांचा जगभरचा आढावा घेतला. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळातले 259 मृत्यू त्यांना सापडले. सेल्फी आणि मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कड्यावरून पडणारा माणूस येतो. या यादीत पहिलं कारण होतं बुडणं, आणि त्यानंतर वाहनं, त्यातही मुख्यतः रेल्वे. समुद्रकिनारा, नदी, रूळ या सगळ्या जागा सपाट आहेत. तिथे पोट गोळा होत नाही, गुडघे कापत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो. कड्यावर शरीर आपणहून सावध होतं. ती भीती फार उपयोगाची असते.

कॅमेरा देखावा कसा रचतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तीच युक्ती उलटीही फिरते. वाइड लेन्स, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स, जवळची वस्तू मोठी करते आणि मागचं सगळं लांब ढकलते. त्यामुळे छोटासा कठडाही दरीच्या तोंडावर असल्यासारखा भासतो. फोन खाली धरून वरच्या दिशेने फोटो घेतला की पायाखालची सपाट जागा गायब होते. हे झालं दिसणाऱ्या धोक्याचं. पण त्याच वाइड लेन्समधून पडद्यावर पाहिलं, तर येणारी लाट, रुळावरची गाडी, समोरचा प्राणी हे सगळं आहे त्यापेक्षा लांब वाटतं. कडा असतो त्याहून भयंकर दिसतो आणि लाट असते त्याहून निरुपद्रवी. दोन्हीकडे चूक एकाच काचेतून होते, पण तिचे परिणाम अगदी उलटे.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात हे वारंवार घडतं. तिथे सर्वांत जास्त लोकांना जखमी करणारा प्राणी अस्वल नसून बायसन, म्हणजे गव्यासारखा रानबैल, आहे. अस्वल पाहिलं की लोक मागे सरतात. बायसन शांतपणे चरत असतो, म्हणून लोक त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढायला जातात. तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावू शकतो. शेपूट वर उचलली गेली, तर तो बिथरल्याची ती खूण असते, पण पडद्यातल्या चौकटीत शेपटीकडे कोण बघतंय? बायसनपासून किमान 25 यार्ड, म्हणजे सुमारे 23 मीटर, आणि अस्वल-लांडग्यांपासून 100 यार्ड लांब राहायचं असा तिथला नियम आहे. एवढ्या अंतरावरून चांगला फोटो हवा असेल तर लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लागते. ती नसेल, तर तो फोटो आपल्यासाठी नाही असं सरळ मान्य करावं.

काही जागी मात्र दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात, आणि तिथे निवाडा करणं अवघड जातं. नॉर्वेतली ‘ट्रोल्टुंगा’ ही जिभेसारखी पुढे आलेली शिळा खालच्या तलावापासून सुमारे 700 मीटर उंचावर आहे. कठडा नाही. फोटो पाहून वाटतं, सगळा धोका त्या टोकावर. तो आहेच, 2015 मध्ये तिथून पडून एका तरुणीचा जीव गेला. पण शिळा चांगली रुंद आहे आणि तिच्यावर पाऊल टाकताना जवळजवळ प्रत्येक जण जपून चालतो. नेहमीच्या वाटेने जाऊन-येऊन 27 किलोमीटरच्या आसपास चाल पडते, दहा-बारा तास लागतात. बचाव पथकांना तिथे धावून जावं लागतं ते बहुतेक वेळा वाटेतच दमलेल्या, पाय मुरगळलेल्या, पावसात गारठलेल्या माणसांसाठी. फोटोत ती वाट येत नाही, त्यामुळे तिची तयारी करावी हेही सुचत नाही.

व्हिक्टोरिया धबधब्याच्या झांबियाकडच्या बाजूला ‘डेव्हिल्स पूल’ आहे. शंभर मीटरहून उंच धबधब्याच्या अगदी ओठावर एक नैसर्गिक डोह, आणि त्यात कड्यावरून डोकावणारी माणसं. फोटो पाहून वेडेपणा वाटतो. पण डोहाच्या काठाला खडकाचा उंचवटा आहे, नदीला पाणी कमी असतं त्याच महिन्यांत तिथे जाऊ देतात आणि सोबत वाटाडे असतात. जोखीम उरतेच, पण ती जाणत्या माणसांनी मापलेली असते. पूर आल्यावर हीच जागा मृत्यूचा सापळा होते. फोटो जुना असला आणि कुठल्या महिन्यातला हे माहीत नसलं, तर तो पाहून तिथल्या धोक्याबद्दल काहीच ठरवता येत नाही.

सर्वांत वाईट ती ठिकाणं, जिथे देखावा आश्वासक असतो. हवाईत किलाउआ ज्वालामुखीचा लाव्हा समुद्राला मिळाला की तिथे नवी काळी जमीन तयार होते. दिसते दगडासारखी घट्ट, पण असते सैल भुग्यावर टेकलेली. 2016 च्या शेवटच्या दिवशी अशी वीसपेक्षा जास्त एकर जमीन काही तासांत समुद्रात कोसळली. बर्फाच्छादित डोंगरधारेवरही तसंच. वाऱ्याने साचलेला बर्फ कड्याच्या पलीकडे छज्जासारखा वाढतो. वरून पाहणाऱ्याला तो डोंगराचाच भाग वाटतो, आणि तुटतो तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा बराच आतून तुटतो.

यात एक फोटो माझ्या मनातून जात नाही. ऑगस्ट 1975, कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया उद्यानातला मोरो रॉक नावाचा उंच खडक. दोन भाऊ कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत आणि दोघांचे केस ताठ उभे राहिलेत. त्यांना गंमत वाटली, म्हणून फोटो काढला. केस उभे राहतात, कारण वरच्या ढगामुळे जमिनीवर आणि अंगावर विद्युतभार साचलेला असतो. वीज पडण्याआधीची ती खूण आहे. थोड्याच वेळात तिथे वीज पडली आणि धाकटा भाऊ भाजला. दोघे वाचले. त्या फोटोत कडा नाही, उंची नाही, भीती तर अजिबात नाही. पण आज कुणाचे केस असे उभे राहताना दिसले, तर फोन खिशात टाकून त्याच क्षणी खाली उतरायला लागावं.

मग जागेवर उभं राहून ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघायला सांगेन. इथे पाय निसटला तर मी नेमका कुठे जाऊन थांबेन? पुढच्या एका मिनिटात इथे काय बदलू शकतं: लाट, वारा, गाडी, प्राणी, ढग? आणि मी पडद्यात पाहत असताना आजूबाजूला कोण पाहतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. तोल सांभाळायला डोळ्यांचा मोठा आधार असतो, आणि फोटो काढताना तेच डोळे हातभर अंतरावरच्या चौकटीत अडकतात. त्यात ‘अजून थोडं मागे’ म्हणत उलटं चालणं आलं. चौकट बदलायची तर आधी फोन खाली घ्यावा, वळून बघावं, मग पाऊल टाकावं.

देखाव्याच्या फोटोला माझा विरोध नाही. कोन, लेन्स आणि कल्पकता वापरून कुणाचाही जीव टांगणीला न लावता थरार उभा करणं ही कलाच आहे. फक्त तो फोटो कसा काढला हे सोबत लिहावं. नाहीतर पाहणारा दुसरीकडच्या खऱ्या कड्यावर जाऊन तसंच लोंबकळायचा प्रयत्न करतो. कड्यांवर गिर्यारोहकांचे फोटो काढणारे व्यावसायिक छायाचित्रकारही बहुधा स्वतः दोरावर असतात. दोर आधी कुणीतरी तपासलेला असतो, उतरायची वाट ठरलेली असते, आणि हे सगळं चौकटीच्या बाहेर राहतं. त्यांच्यासारखा फोटो काढायचा असेल, तर आधी चौकटीबाहेरचं हे सगळं त्यांच्याकडून शिकून घ्यावं लागतं.